पडद्यावर चित्रं, पंगतीत डबा: पुण्यातल्या पहिल्या संध्याकाळविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेमकं काय असतं या संध्याकाळी?

कोल्हापुरात आम्ही हे करत होतो, आता पुण्यात पहिल्यांदाच करतो आहोत. बारा जण आपलं काम पडद्यावर दाखवतात, प्रत्येकी पाच मिनिटं. छायाचित्रं, रंगचित्रं, रांगोळ्या, मातीकाम, शिवणकाम, भिंतीवरची चित्रं, काहीही. त्याआधी सगळे मिळून जेवतात आणि जेवण प्रत्येकानं घरून आणलेलं असतं. शाळेत डबा खाण्याच्या सुट्टीत आपण अंगतपंगत करायचो, तीच. भाषण नाही, दीपप्रज्वलन नाही, शाल-श्रीफळ नाही. पाहुणा म्हणून कुणाला बोलावलेलं नाही, कारण येणारा प्रत्येक जण एक तर चित्र घेऊन येतो, नाही तर भाजी.

ही कल्पना परदेशातली आहे का?

आजचा हा साचा बाहेरून आला, हे खरं आहे. २००० साली अमेरिकेतल्या सिॲटलमध्ये केसी केल्बॉ या छायाचित्रकारानं मित्रमंडळींना घरी बोलावलं. त्यांनी जेवण आणायचं आणि आपल्या कामाच्या स्लाइडही आणायच्या. तो प्रकार पुढे अनेक शहरांत पोचला. २००३ साली टोकियोत दोन वास्तुविशारदांनी ‘पेचाकुचा’ सुरू केलं. त्यात वीस चित्रं, प्रत्येक वीस सेकंद, म्हणजे सहा मिनिटं चाळीस सेकंदांत तुमचं बोलणं संपलं पाहिजे.

पण एकामागून एक चित्र दाखवून लोकांना बसवून ठेवणं आपल्याला नवं नाही. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे चित्रकथी पोथीतलं एकेक चित्र प्रेक्षकांसमोर धरून रामायण-महाभारतातली आख्यानं सांगत आले आहेत. त्या परंपरेतल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी तर १८९० च्या दशकात ‘शांबरिक खरोलिका’ उभी केली. काचेवर हातानं रंगवलेली चित्रं दिव्याच्या उजेडात पडद्यावर मोठी होत आणि सोबत निवेदन चाले. मुंबईत ल्यूमिएर बंधूंचा पहिला सिनेमा दाखवला गेला तो ७ जुलै १८९६ ला. त्याच्याही आधी आपल्याकडे माणसं अंधारात बसून उजेडातली चित्रं बघत होती.

मला हे सांगावंसं वाटतं, कारण पुण्यातल्या पहिल्याच बैठकीत एका आजोबांनी विचारलं, “हे आपल्यात चालेल का?” आपल्यात हे चालतच होतं, आजोबा. मध्ये खंड पडला, एवढंच.

कोल्हापुरात करत होतात, तर तेच पुण्यात जसंच्या तसं का नाही करत?

हा प्रश्न आम्ही स्वतःलाच सगळ्यात जास्त वेळा विचारला. आधी वाटलं होतं, सगळं तयारच आहे. पडदा आहे, वेळेचं गणित बसलेलं आहे, अर्जाचा नमुना आहे. पुण्यात एक सभागृह घ्यायचं, पत्रकं वाटायची आणि सुरू करायचं.

तसं करायला गेलो आणि पहिल्या महिन्यात आलेले जवळजवळ सगळे अर्ज एकाच वर्तुळातले निघाले. कला महाविद्यालयात शिकलेले, एकमेकांना ओळखणारे, एकमेकांच्या प्रदर्शनांना जाणारे. कामं उत्तम होती, त्यात शंका नाही. पण त्या अर्जांत पुणे दिसत नव्हतं. हडपसर नव्हतं, येरवडा नव्हता, पिंपरी-चिंचवड नव्हतं. पेठांमधले लोकसुद्धा नव्हते.

कोल्हापुरात असं का झालं नाही? कारण तिथं आम्ही घरचे होतो. पाटी रंगवणारे काका, तालमीतला फोटो काढणारा मुलगा, गणपतीच्या मूर्ती करणाऱ्या बहिणी यांना आम्ही लहानपणापासून ओळखत होतो. पत्रक लागलंच नाही, रस्त्यात भेटून सांगितलं. पुण्यात आमच्या ओळखी नव्हत्या, आणि ओळखीचं काम पत्रकानं होत नाही, हे आम्हाला इथं आल्यावर कळलं.

मग आम्ही तारीख चार महिने पुढे ढकलली आणि फिरायला लागलो. तांबट आळीत गेलो. तिथं तांब्याच्या भांड्यांवर हातोडीनं मठारकाम करणारे कारागीर आहेत. एका दादांनी त्यांच्या मोबाइलमध्ये स्वतःच घडवलेल्या भांड्यांचे दीडशे फोटो दाखवले. गिऱ्हाइकाला दाखवायला काढलेले. एकाच बंबाचे, पत्र्यापासून चकाकीपर्यंतचे, क्रमानं. त्यांना तो कामाचा हिशेब वाटत होता. आम्ही तो मोबाइल भिंतीकडे धरून म्हटलं, “दादा, हे एवढं मोठं दिसेल.” ते बराच वेळ बोललेच नाहीत.

गणपतीचे देखावे उभे करणाऱ्या कार्यकर्त्यांना भेटलो. दहा दिवसांसाठी उभं राहून मोडलं जाणारं काम ते करतात आणि त्याचे फोटो मंडळाच्या कपाटात पडून असतात. आषाढी वारीच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात तेव्हा वारकऱ्यांच्या पायांना तेल लावणाऱ्या एका ताई भेटल्या. त्या दरवर्षी त्या पायांचे फोटो काढतात, फक्त पायांचे. रविवारी पहाटे सिंहगड चढणारी एक मंडळी आहे, त्यांच्यातल्या एकानं एकाच वळणावरून एकाच झाडाचा फोटो काही वर्षं काढला आहे.

नव्या शहरात सुरुवात करायची म्हणजे कार्यक्रम उचलून नेऊन तिथं ठेवायचा, असं आम्हाला वाटत होतं. आता वाटतं की पडदा तेवढा न्यावा, बाकी सगळं त्या शहराकडून घ्यावं. आणि घ्यायला दारोदार जावंच लागतं.

मी कलाकार नाही. मी काम पाठवू शकते का?

हो. तुम्हीच पाठवा. शिक्षण, प्रदर्शनं, पुरस्कार हे अर्जात विचारलेलंच नाही. अर्जात एवढंच विचारलं आहे: काय दाखवणार, किती वर्षं करता आहात आणि हे आधी कुणाला दाखवलं आहे. तिसऱ्या प्रश्नाला “कुणालाच नाही” असं उत्तर आलं की आम्ही तो अर्ज आधी उघडतो.

पाच मिनिटंच का? माझं वीस वर्षांचं काम आहे.

कोल्हापुरातल्या पहिल्या संध्याकाळी आम्ही वेळ ठरवली नव्हती. चौदा जण होते. चौथ्यानं चाळीस मिनिटं घेतली. त्याचं काम सुंदर होतं, म्हणून थांबवायचं कुणाला सुचलं नाही. शेवटचा नंबर एका अठरा वर्षांच्या मुलीचा होता. तिची पाळी आली तेव्हा रात्रीचे पावणेबारा वाजले होते आणि खोलीत नऊ माणसं उरली होती, त्यातली तीन तिच्या घरची. तिनं पुन्हा कधी काही पाठवलं नाही. ती चूक आमची होती आणि ती मला अजून टोचते. तेव्हापासून पाच मिनिटं म्हणजे पाच मिनिटं. ज्येष्ठांनाही, नामवंतांनाही.

पाच मिनिटं म्हणजे तीनशे सेकंद. एका चित्राला दहा सेकंद दिली तर तीस चित्रं होतात. तीसपेक्षा जास्त चित्रं आम्ही घेत नाही, कमी चालतील. एका बाईंनी नऊच दाखवली होती, प्रत्येक अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ पडद्यावर राहिली, आणि त्या रात्री लोकांच्या तोंडी तीच होती.

वीस वर्षांचं काम असेल तर वीस वर्षं दाखवू नका. त्यातली एक गल्ली, एक हंगाम, एक माणूस निवडा. निवडताना जीव तुटतो, हे मान्य आहे. आमच्यातलं कुणी तरी तुमच्याबरोबर बसेल. चहा पीत पीत दोनशेची तीस करायला दोन-तीन तास लागतात, आणि खरं सांगायचं तर या साऱ्या उपक्रमात मला सर्वांत आवडणारं काम तेच आहे.

चित्रं चालू असताना बोलायचं का?

तुमच्यावर आहे. कुणी बोलतं, कुणी आधी ध्वनिमुद्रण करून आणतं, कुणी पूर्ण शांतता ठेवतं. एकच विनंती आहे: पडद्यावर जे दिसतंच आहे ते पुन्हा सांगू नका. “हा शनिवारवाडा आहे” हे पुण्यात सांगावं लागत नाही. त्या दिवशी तुम्ही तिथं का थांबलात, ते सांगा. मराठी, हिंदी, कन्नड, खाणाखुणा, कुठलीही भाषा चालेल.

फाइल कशी तयार करायची?

हे नीट वाचा, कारण ऐन वेळी घोटाळा इथंच होतो.

प्रत्येक चित्र वेगळी जेपेग फाइल म्हणून द्या. आडवी बाजू १९२० पिक्सेल, उभी १०८० पिक्सेलपर्यंत. आमचा पडदा १६:९ या प्रमाणात आहे. फाइलींना ०१, ०२, ०३ असे क्रमांक द्या, नाही तर पुष्कळदा संगणक १ नंतर थेट १० दाखवतो. चित्रं एकत्र करून, वेळ लावून, आवाज जोडून त्याची व्हिडिओ फाइल आम्ही बनवू आणि कार्यक्रमाआधी तुम्हाला दाखवू.

उभी चित्रं पडद्यावर लहान दिसतात. २:३ प्रमाणातलं उभं चित्र १०८० पिक्सेल उंच केलं की रुंदीला फक्त ७२० भरतं, म्हणजे पडद्याचा निम्म्याहून जास्त भाग काळा राहतो. त्याचं वाईट वाटून घेऊ नका आणि चित्र कापू तर मुळीच नका. दोन उभी चित्रं शेजारी-शेजारी ठेवून बघा, पुष्कळदा त्यांचं आपसात काहीतरी जमतं.

चित्रावर मराठी मजकूर असेल तर तो चित्राचाच भाग करून पाठवा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की त्याची इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं होतात. एका निवृत्त चित्रकला शिक्षकांनी प्रत्येक चित्राखाली आईच्या ओव्या लिहून आणल्या होत्या. पडद्यावर त्यांचा नुसता अक्षरांचा कचरा दिसला. सर उठले आणि सगळ्या ओव्या त्यांनी तोंडपाठ म्हटल्या. संध्याकाळ सावरली, पण तसा प्रसंग कुणावर यायला नको.

आणखी एक. मोबाइलच्या पडद्यावर गडद चित्र छान उठून दिसतं, प्रोजेक्टरवर तेच चित्र काळवंडतं. सावल्या थोड्या उजळून पाठवा. संगणक जमत नसेल तर मोबाइलच घेऊन या, कागदावरची चित्रं असतील तर वहीच घेऊन या. आम्ही स्कॅन करू.

मागे आवडतं गाणं लावता येईल का?

चित्रपटातली किंवा अल्बममधली गाणी नकोत. सार्वजनिक कार्यक्रमात ती वाजवायला आयपीआरएस, पीपीएल अशा, संगीताचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थांचे परवाने लागतात आणि आमच्या खिशाला ते झेपणारं नाही. त्यामुळे एक चांगली गोष्ट झाली: लोक स्वतःचे आवाज आणायला लागले. आजीच्या जात्यावरच्या ओव्या, ढोलपथकाचा सराव, प्रेशर कुकरची शिट्टी. तांबट आळीतल्या दादांच्या चित्रांमागे त्यांच्याच हातोडीचा आवाज असेल. तो मोबाइलवरच मुद्रित केला आहे आणि त्याला ठेका लावायची गरज पडली नाही.

माझ्या चित्रांचे हक्क कुणाचे राहतात?

तुमचेच. आम्ही ती एका संध्याकाळसाठी दाखवायला मागतो. कार्यक्रमानंतर आमच्याकडच्या फाइली पुसून टाकतो, तुम्ही ठेवा म्हणालात तरच ठेवतो.

लग्नाचे, बारशाचे फोटो काढणाऱ्या व्यावसायिक छायाचित्रकारांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, कुणी मोबदला देऊन तुमच्याकडून फोटो काढून घेतला आणि वेगळा करार केलेला नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा माणूस असतो. म्हणजे तुमचा सर्वांत सुंदर फोटोसुद्धा दाखवण्याआधी त्या घराला विचारावं लागेल. बहुतेक जण आनंदानं हो म्हणतात आणि कार्यक्रमाला येतातही. लहान मुलं स्पष्ट दिसत असतील तर त्यांच्या आईवडिलांची संमती हवीच, मग ओळख कितीही जुनी असो.

निवड कोण करतं?

पाच जण. त्यांतले तीन पुण्याचे आणि दर वेळी बदलणारे. चित्रं नावं झाकून बघतो. बारा जागांसाठी अर्ज जास्त आले तर उरलेल्यांना “नाही” असं कळवत नाही, पुढची तारीख देतो. नावं झाकल्यामुळे एकदा निवड मंडळातल्याच एकाच्या बायकोचं काम मागे राहिलं. घरी काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, पण पुढच्या वेळी दोघंही आले.

जेवण कशाला? नुसती चित्रं दाखवली तर आटोपशीर होईल.

होईल. पण मग लोक येतील, टाळ्या वाजवतील आणि जातील.

नवख्या माणसाला आपलं काम अनोळखी लोकांना दाखवताना पोटात गोळा येतो. त्याच लोकांनी तासाभरापूर्वी त्याच्या आईच्या हातची आमटी दोनदा मागून घेतलेली असेल, तर ते अनोळखी राहत नाहीत. म्हणून आमच्याकडे जेवण आधी, चित्रं नंतर. आधी उलट करून पाहिलं होतं. भुकेली माणसं शेवटच्या तिघांकडे लक्ष देत नाहीत.

पुण्यात एकत्र खाण्याला आणखीही एक अर्थ आहे. महात्मा फुले यांनी १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुला केला तो याच शहरात. १८९० साली पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतला, एवढ्यावरून न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा खटला, झालं तेही इथंच. कुणी कुणाच्या हातचं खायचं यावरून या शहरानं खूप सोसलं आहे. त्यामुळे डब्यावर पदार्थाचं नाव लिहा, आडनाव लिहू नका. शाकाहारी-मांसाहारी, शेंगदाणे, तीळ, गव्हाचं, उपवासाचं एवढं चिठ्ठीवर जरूर असू द्या, कारण तो पोटाचा आणि तब्येतीचा प्रश्न आहे. मटण, सुकट, साबुदाण्याची खिचडी यांची भांडी वेगळ्या टेबलांवर असतील, पण पंगत एकच बसेल.

आपल्या माणसांना पुरेल आणि वर चौघांना मिळेल एवढं आणा. ताट-वाटी घरून आणा, कागदी पत्रावळी ठेवणार नाही. एकटे राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी नुसते पाव, केळी किंवा ताक आणलं तरी पुष्कळ झालं. ताक नेहमीच कमी पडतं.

कधी आणि कुठे?

नोव्हेंबरअखेरच्या शनिवारी, कसबा पेठेतल्या एका शाळेच्या सभागृहात. संध्याकाळी सहाला या, साडेसहाला पंगत, साडेसातला पडदा, नऊला घरी. कसबा पेठ मेट्रो स्थानकातून चालत येता येतं. गाडी आणू नका, लावायला जागा मिळणार नाही.

तारखेवर आम्ही फार डोकं लावलं. पावसाळ्यात येणं-जाणं कठीण. गणपतीत ज्यांची कामं हवी आहेत तेच लोक मांडवात. डिसेंबरमध्ये सवाई गंधर्व महोत्सव आणि शाळांची स्नेहसंमेलनं. उन्हाळ्यात सूर्य सातपर्यंत मावळत नाही आणि सभागृहाच्या खिडक्यांना पडदे नाहीत. नोव्हेंबरअखेर सहाच्या सुमारास अंधारतं, हवाही बरी असते.

मोठं नाट्यगृह का घेतलं नाही, असंही विचारतात. तिथं ओळीनं खुर्च्या असतात आणि आत जेवता येत नाही. आम्हाला सतरंज्या हव्या होत्या, गुडघे दुखणाऱ्यांसाठी मागे खुर्च्या आणि मधोमध मुलांना लोळायला जागा.

मला मांडणीत मदत करायची आहे. काय लागतं?

हात लागतात. तीन मीटर रुंद पडद्यासाठी पांढरा जाड मांजरपाट, वर-खाली बांबू, आणि तो सुरकुती न पडता ताणणारी चार माणसं. आमच्या प्रोजेक्टरचं थ्रो प्रमाण १.५ आहे, म्हणजे तीन मीटरच्या चित्रासाठी तो पडद्यापासून साडेचार मीटरवर ठेवावा लागतो. तो बरोबर पंगतीच्या मधोमध येतो. म्हणून जेवणानंतर वीस मिनिटांत सतरंज्या झाडून, प्रोजेक्टरचं टेबल मांडून, वायर जमिनीला चिकटपट्टीनं चिकटवायची असते. लांब एचडीएमआय केबल दगा देते, म्हणून लॅपटॉप प्रोजेक्टरजवळच ठेवतो. आवाजाची तार तेवढी लांब नेतो. वीज गेली तर लॅपटॉप बॅटरीवर चालेल, प्रोजेक्टर नाही. कुणाकडे मोठा इन्व्हर्टर असेल तर कळवा.

प्रवेश शुल्क?

नाही. दाराशी डबा ठेवलेला असेल, वाटलं तर टाका. प्रोजेक्टरचं भाडं, सफाई आणि शाळेच्या शिपाईकाकांचं मानधन त्यातून जातं. जमाखर्च त्याच रात्री फळ्यावर लिहून दाखवतो.

मोबाइलवर चित्रीकरण करू का?

पडद्याचं नको. ज्यांनी पहिल्यांदा काम दाखवलं त्यांना ते कुठं कुठं फिरेल याची काळजी वाटते. पंगतीचे फोटो खुशाल काढा.

आमच्या गावात असं सुरू करायचं आहे. कुठून सुरुवात करू?

सभागृहापासून करू नका. आधी दहा घरं गाठा, जिथं कुणी तरी काही तरी वर्षानुवर्षं करतं आहे आणि कुणाला दाखवत नाही. त्यांचं सगळं बघा, घाई न करता. तीन जण तयार झाले की कुणाच्या गच्चीवर चादर टांगून करा, वीस माणसं पुरतात. पडदा आणि स्पीकर आम्ही देऊ, नेऊन आणायची जबाबदारी तुमची. प्रोजेक्टर भाड्याचा असतो, तो तुम्हाला तिकडेच मिळेल. मांजरपाट मात्र घडी घालून नेऊ नका, बांबूला गुंडाळून न्या. घडीची रेघ इस्त्रीनंही जात नाही आणि मग ती प्रत्येक चित्राच्या मधोमध येते.